कॅनडाकडून खेळवायचं म्हणता, तर आधी वजनगट बघा

ऐरोलीच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगी सोळा वर्षांची आहे, तायक्वांदोत ज्युनिअर ५५ किलोखालच्या गटात राज्य स्पर्धेत दोनदा रौप्य मिळालंय. इथे संघटनांचे वाद संपत नाहीत, कुठलं प्रमाणपत्र ग्राह्य आणि कुठलं नाही हेच कळत नाही. मुलीचा मामा कॅनडात, ब्रॅम्प्टनला असतो. तो म्हणतो, पाठवा इकडे, इकडून खेळेल. किमिया अलीझादेह इराण सोडून बल्गेरियाकडून ऑलिम्पिक पदक घेते, मग आपल्या मुलीने कॅनडाकडून का खेळू नये? आणि शेवटी एक ओळ आहे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: आजी म्हणते, दुसऱ्या देशाकडून खेळणं म्हणजे आईला सोडून मावशीकडे राहायला जाणं. तसं असतं का?

मी कोपरखैरणे-वाशी भागात बावीस वर्षं तायक्वांदो शिकवते. माझ्या हाताखालची मुलं परदेशी गेली, काही तिकडेच राहिली, काही परत आली. त्या अनुभवावरून लिहिते आहे. व्हिसा-पासपोर्टची माझी माहिती एका प्रशिक्षकाला असते तेवढीच, त्यामुळे कागदपत्रांचं शेवटचं त्या विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्याच.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मुलीला इथल्यापेक्षा चांगला सराव कुठे मिळेल, हा एक. दुसऱ्या देशाच्या नावाने मॅटवर उतरायला काय लागतं, हा दुसरा. तिसरा आजींचा. पहिल्याचं उत्तर मिळालं तर दुसरा प्रश्न बहुतेक वेळा पडतच नाही, असं मी पाहिलंय. पण तुम्ही किमियाचं नाव घेतलंत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो गटात किमियाने कांस्य जिंकलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ऑलिम्पिक पदक जिंकणारी ती इराणची पहिली महिला. म्हणजे देश सोडण्याआधीच ती जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होती. जानेवारी २०२० मध्ये तिने इराण सोडल्याचं जाहीर केलं, तेही पदक मिळेना म्हणून नव्हे. आपल्या कपड्यांपासून बोलण्यापर्यंत सगळं दुसरेच ठरवतात, आपला उपयोग करून घेतला जातो, असं तिचं म्हणणं होतं. ती जर्मनीत गेली. टोकियोत ती निर्वासितांच्या ऑलिम्पिक संघातून उतरली आणि पहिलीच लढत पडली इराणच्या नाहिद कियानीशी. किमिया जिंकली. पुढे तिने दोन वेळची ऑलिम्पिक विजेती, ब्रिटनची जेड जोन्स हिलाही हरवलं, पण कांस्यपदकाची लढत हरली आणि हात रिकामेच राहिले. २०२४ मध्ये तिला बल्गेरियाचं नागरिकत्व मिळालं. पॅरिसला पुन्हा नाहिद समोर आली आणि या वेळी नाहिद जिंकली. नाहिदने रौप्य नेलं, किमियाने रेपेशाजमधून, म्हणजे हरलेल्या काहींना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून, वर येत कांस्य घेतलं.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच की पहिल्या पदकापासून दुसऱ्यापर्यंत आठ वर्षं गेली. त्यातली चार देश सोडल्यानंतरची. कुठला झेंडा पाठीवर असेल याची खात्री नसताना ती रोज सराव करत राहिली. आपल्याला बातमीत फक्त पदक दिसतं.

तिच्याच गटातली राहेले आसेमानी हिची गोष्ट मी माझ्या मोठ्या मुलींना नेहमी सांगते. तीही इराणची. बेल्जियममध्ये आली आणि पोस्टात कामाला लागली. दिवसभर टपाल वाटायचं आणि मग सराव. रिओसाठी ती पात्र ठरली ती जागतिक तायक्वांदो संघटनेच्या झेंड्याखाली, कारण तेव्हा तिला स्वतःचा म्हणावा असा देश नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये बेल्जियमचं नागरिकत्व मिळालं आणि ऑगस्टमध्ये ती बेल्जियमकडून खेळली. कांस्यपदकाच्या लढतीत हरली. त्याच गटात, त्याच दिवशी, इराणकडून कांस्य घेणारी मुलगी होती किमिया. चार वर्षांनी तीही देश सोडणार होती, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या प्रकारचेही खेळाडू आहेत, ज्यांना जीव वाचवायला नव्हे तर खेळायला मिळावं म्हणून देश बदलावा लागला. ब्रिटनचा आरॉन कुक २०१२ मध्ये ८० किलो गटात जागतिक क्रमवारीत पहिला होता. पण लंडन ऑलिम्पिकसाठी निवड समितीने लुटालो मुहम्मदला घेतलं. मुहम्मदने कांस्य आणलं, त्यामुळे कुकची बाजू आणखीनच पडली. कुक पुढे आइल ऑफ मॅनच्या नावाने खेळला, २०१५ मध्ये मोल्दोव्हाचा नागरिक झाला आणि रिओला मोल्दोव्हाकडून उतरला. पहिल्याच फेरीत हरला. तिकडे अझरबैजानकडून इराणमध्ये जन्मलेल्या मिलाद बेइगी हरचेगानीने ८० किलोत कांस्य घेतलं आणि रशियात वाढलेल्या रादिक इसायेवने ८० किलोवरच्या गटात सुवर्ण. त्यांचे प्रशिक्षक रेझा मेहमानदुस्त हेही इराणीच.

या सगळ्यांच्या मागे एक साधा नियम आहे, तो नीट समजून घ्या. ऑलिम्पिकमध्ये तायक्वांदोचे पुरुषांचे चार आणि महिलांचे चार वजनगट असतात. प्रत्येक गटात साधारण सोळा खेळाडू, आणि एका देशाचा एका गटात एकच. कोरियात किंवा इराणमध्ये तुम्ही आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकावर असाल, तर जगात तिसरे असूनही घरी बसता. जिथे त्या गटात कोणी नाही अशा देशाला तुमची गरज असते. मुद्दाम दुसऱ्या देशाकडून खेळायला जाणाऱ्यांचं गणित बहुतेक इथून सुरू होतं. घरी रांग लांब असते म्हणून ते जिथे रांग नाही तिथे जातात.

आता हेच गणित तुमच्या मुलीसाठी मांडू. आज ती ज्युनिअर ५५ मध्ये आहे. सिनिअर झाल्यावर तिचा ऑलिम्पिक गट ५७ किलो असेल, ४९ वर उतरवणं तिच्या तब्येतीच्या दृष्टीने मला तरी मान्य नाही. आणि ५७ किलोत कॅनडाकडे कोण आहे? स्कायलर पार्क. विनिपेगची मुलगी, वडील हेच प्रशिक्षक, घरातच तायक्वांदो. पॅरिसला ५७ किलोतलं दुसरं कांस्य तिचंच. म्हणजे मुलीला तुम्ही अशा देशात पाठवायचं म्हणताय, जिथे नेमक्या तिच्याच गटात ऑलिम्पिक पदकविजेती उभी आहे, आणि तिला बघत मोठ्या झालेल्या मुली तिच्या मागे रांगेत असणार. मामांना हे माहीत असायचं कारण नाही. पण देश निवडण्याआधी वजनगट बघायचा असतो. मोठमोठ्या घरांतही हे कोणी बघत नाही. नातेवाईक कुठे आहेत ते बघतात.

दुसरं गणित वर्षांचं. मामा आहे म्हणून भाचीला कायमचं वास्तव्य मिळत नाही. साधारणपणे तिला शिक्षणाच्या व्हिसावर जावं लागेल, अल्पवयीन असल्यामुळे तिकडे पालकत्व घेणारं कोणीतरी कागदावर दाखवावं लागेल, आणि शिक्षणाचा खर्च परदेशी विद्यार्थ्याचा असेल. पुढे कायमचं वास्तव्य मिळालं, तर नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलेलं असावं लागतं. विद्यार्थी म्हणून काढलेले दिवस अर्धे धरतात, त्यालाही मर्यादा आहे. सगळं सुरळीत झालं तरी ती विशीच्या पुढे गेलेली असेल. २०२८ चं लॉस एंजेलिस या वाटेने विसरा. २०३२ चं ब्रिस्बेन हाताशी येऊ शकतं, तेही मधल्या काळात तिचा खेळ वाढत राहिला तर.

नियमांचं थोडक्यात सांगते. ऑलिम्पिक सनदेप्रमाणे एका देशाकडून ऑलिम्पिक, खंडीय किंवा प्रादेशिक क्रीडास्पर्धा, जागतिक किंवा प्रादेशिक अजिंक्यपद अशा स्पर्धांत खेळलेल्या खेळाडूने देश बदलला, तर शेवटच्या अशा स्पर्धेनंतर तीन वर्षं थांबावं लागतं. संबंधित ऑलिम्पिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांची संमती असेल तर हा काळ कमी होऊ शकतो. तुमची मुलगी भारताकडून बाहेर खेळलेली नाही, फक्त राज्यापर्यंत खेळली आहे, त्यामुळे तिला ही तीन वर्षं लागूच नाहीत. तिची खरी अडचण नागरिकत्वाची. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. दुसऱ्या देशाचं स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारताचं जातं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) मिळेल, ऐरोलीला घरी येता-जाता येईल, पण २००८ पासून क्रीडा मंत्रालयाचं धोरण भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनीच भारताकडून खेळावं असं राहिलंय. तेव्हा 'तिकडे जमलं नाही तर परत भारताकडून खेळेल' हा विचार मनातून काढून टाका.

आता माझ्या मुलांबद्दल.

नेरुळचा एक मुलगा वडिलांच्या बदलीमुळे चौदाव्या वर्षी आखातात गेला. तिथल्या क्लबमध्ये उझबेक, इराणी, फिलिपिनो मुलं. दोन वर्षांत त्याच्या पायाला असा वेग आला की सुट्टीत आमच्याकडे आला तेव्हा माझी मोठी मुलं त्याच्यासमोर दोन राउंड टिकेनात. पण आखातात नागरिकत्व मिळणं जवळपास अशक्य, त्यामुळे तो तिथल्या संघात कधीच बसणार नव्हता. राज्याच्या निवड चाचणीसाठी इकडे आला, तर इथल्या संघटनेकडचं पत्र वेळेत मिळालं नाही आणि त्याचं पूर्ण वर्ष गेलं. चूक माझीही होती. त्याचं इथलं सदस्यत्व दरवर्षी चालू ठेवायला हवं होतं, ते मी कोणाला सांगितलंच नाही. आता परदेशी जाणाऱ्या प्रत्येक घराला हेच आधी सांगते: मुलगा कुठेही जाऊ दे, इथलं नाव कापू देऊ नका.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. साधारण तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. वाशीची एक मुलगी, पंधराची, तुमच्या मुलीसारखीच राज्य पदकविजेती. परदेशात आत्या होती. वडिलांनी मला विचारलं, मी म्हटलं, जाऊ द्या, अशी संधी पुन्हा येत नाही. ती गेली. क्लब चांगला होता, प्रशिक्षकही चांगले. आत्या प्रेमळ होती, रोज पोळी-भाजी, वरण-भात, रविवारी गोड. पण स्पर्धेच्या आधी वजन उतरवायचं म्हणजे काय, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ताट परत केलं की आत्याला वाईट वाटायचं. एका रात्री तिचा फोन आला. इकडे पहाट होती. ती गॅरेजमध्ये होती, फोन जमिनीवर ठेवलेला. म्हणाली, "मॅडम, काही बोलू नका, नुसतं मोजा." आमच्याकडे आकडे कोरियनमध्येच मोजतात. मी अंथरुणात बसून मोजत राहिले, हाना, तुल, सेत, नेत, आणि तिकडून पाय टार्गेटवर आपटल्याचा आवाज येत राहिला. शंभरापर्यंत मोजलं. मग ती रडली. आठ महिन्यांनी परत आली. आज ती फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या मुलांचे गुडघे तीच बघते. पण खेळ त्या आठ महिन्यांत सुटला तो सुटलाच. तिचा खेळ कमी नव्हता. कमी पडलं ते आजूबाजूला खेळ समजणारं माणूस.

म्हणून ब्रॅम्प्टनबद्दल माझा पहिला प्रश्न क्लबचा किंवा फीचा नाही. तिथे तिच्याशी रोज बोलणारं, तिच्या ताटात काय पडतंय हे समजणारं कोण आहे? मामींना विचारा, मामांना नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. एक मुलगी पदवी घेऊन बाविसाव्या वर्षी जर्मनीला एम.एस. करायला गेली. तिथे क्लबमध्ये खेळते, शनिवारी लहान मुलांना शिकवते, ओपन स्पर्धांना जाते. पासपोर्ट भारताचाच आहे. खेळ टिकला, कारण ती स्वतः निर्णय घेऊन गेली होती आणि पदकासाठी गेली नव्हती. वय, घर, पैसा, मुलीचा स्वभाव यावर खूप काही अवलंबून असतं. सोळाव्या आणि बाविसाव्या वर्षात फार फरक पडतो.

आता तुमचा मूळ त्रास, इथल्या संघटनांचा. तो खरा आहे, मी तो नाकारणार नाही. सिडनी २००० पासून तायक्वांदो पदकाचा खेळ आहे आणि पॅरिसपर्यंत एकही भारतीय ऑलिम्पिकच्या मॅटवर उतरलेला नाही. टोकियो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये हरियाणाची अरुणा तंवर उतरली, तेवढंच. आशियाई स्पर्धेत २००२ मध्ये बुसानला सुरेंद्र भंडारीने कांस्य घेतलं होतं. आशियात पात्र ठरणं म्हणजे कोरिया, चीन, इराण, उझबेकिस्तान, थायलंड, जॉर्डन यांच्यामधून वाट काढणं, कारण पॅरिससाठी आशियाई पात्रता स्पर्धेतून एका गटात दोनच जागा होत्या. मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मुलगी मागे आहे ती फक्त संघटनेमुळे नाही, तिला रोज तोडीस तोड खेळणाऱ्या मुली मिळत नाहीत म्हणूनही आहे. दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे.

आधी एक तपासा: तुमचा क्लास जागतिक तायक्वांदो संघटनेच्या पद्धतीचा आहे की आयटीएफचा, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन या वेगळ्या संघटनेचा? ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्ही चालतात आणि पालकांना फरक माहीत नसतो. आयटीएफही तायक्वांदोच आहे, पण ऑलिम्पिकचा रस्ता तिकडून जात नाही. मुलीचा डॅन (ब्लॅक बेल्टची पायरी) कुक्कीवॉन या कोरियातल्या मुख्य संस्थेचा असेल तर तो जगात कुठेही तिच्या नावावर राहतो, देश बदलला तरी. तो इथेच करून घ्या.

मग सरावाचं बघा. इलेक्ट्रॉनिक हुगू (लागलेला पाय मोजणारं छाती-पोटावरचं कवच) आणि सेन्सरचे मोजे घालून ती आठवड्यातून किती वेळा खेळते? बहुतेक क्लासमध्ये मुलं साध्या हुगूवर सराव करतात आणि राज्य स्पर्धेत पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक हुगू अंगावर चढवतात. पाय जोरात लागतो, पण मोज्यातला सेन्सर हुगूला नीट भिडत नाही, गुण चढत नाही, आणि मूल गोंधळतं. तुमच्या मुलीची दोन्ही रौप्यं अशी गेली असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही. शिवाय आता तीन राउंडांत जो दोन जिंकेल तो विजेता, त्यामुळे पहिल्या राउंडमध्ये जपून खेळण्याची जुनी सवय महागात पडते. डोक्यावरच्या किकला तीन गुण, फिरून मारलेल्या डोक्यावरच्या किकला त्याहून जास्त. तिच्याकडे फिरकीची किक आहे का? असली तर सामन्यात काढते का?

आणि झेंडा न बदलता बाहेर जा. वर्षातून एखादी परदेशी ओपन स्पर्धा, सुट्टीत तीन-चार आठवड्यांचा सराव. मामांकडेही पाठवा, उन्हाळ्यात, महिनाभर. तिकडच्या क्लबमध्ये तिला रोज पाच वेगवेगळ्या उंचीच्या मुलींशी खेळू दे. परत आल्यावर तिचा चेहरा बघा, तो बरंच काही सांगेल. दरम्यान इथलं काही सुटत नाही: बारावीचे क्रीडा गुण, राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, शिवछत्रपती पुरस्काराची आशा. हे छोटं वाटतं, पण मध्यमवर्गीय घरात खेळ टिकतो तो अशाच आधारावर.

आजींना काय सांगायचं? मला विचाराल तर त्यांना तायक्वांदोचीच गोष्ट सांगा. हा खेळ कोरियाबाहेर पोचला तो कोरिया सोडून गेलेल्या माणसांमुळे. आयटीएफ स्थापन करणारे जनरल चोई हाँग ही १९७२ मध्ये कॅनडातच जाऊन राहिले. थायलंडला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या पानिपाक वाँगपट्टनाकित हिचे प्रशिक्षक चोई यंग-सोक हे कोरियाचे. वीस वर्षं थायलंडमध्ये शिकवल्यावर २०२२ मध्ये त्यांनी थायलंडचं नागरिकत्व घेतलं, त्यासाठी कोरियाचं सोडावं लागलं. त्यांनी आईला सोडलं असं मला वाटत नाही. ज्या मुलांना वाढवलं, त्यांच्या घरचे झाले. अफगाणिस्तानचा फरझाद मन्सुरी टोकियोत देशाचा झेंडा घेऊन चालला, काही दिवसांत काबूल पडलं, आणि तीन वर्षांनी पॅरिसला तो निर्वासितांच्या संघातून खेळला. त्याला कोण बोल लावणार?

पण आजींच्या बोलण्यात एक खरं आहे, तेही मुलीला कळू द्या. आखातातल्या एका ओपन स्पर्धेत वॉर्मअपच्या जागी मी एक मुलगा बघितला होता. पाठीवर एका युरोपीय देशाचं नाव. समोर दुसऱ्या देशाचा मुलगा टार्गेट धरून उभा. दोघं फारसीत बोलत होते, हसत होते. मग त्या दुसऱ्याच्या संघाचे प्रशिक्षक आले आणि त्याने टार्गेट खाली ठेवलं, काही न बोलता निघून गेला. पहिला मुलगा थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग भिंतीवर एकटाच किक मारू लागला. देश बदलणाऱ्याला हे सोसावं लागतं. ज्याला पर्याय नसतो तो सोसतो. तुमच्या मुलीला आज पर्याय आहेत.

तिला स्वतःला विचारलंत का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेलं नाही. तिला कॅनडा हवाय, की फायनल जिंकायची आहे? विचारा, आणि मामा-आजी कोणी समोर नसताना विचारा. आणि रविवारी सकाळी सात वाजता आमच्याकडे वाशीला तीन-चार क्लासची मुलं मिळून स्पारिंग (सरावाच्या लढती) करतात, तेव्हा तिला घेऊन या. ५७ च्या दोन मुली आहेत, एक तिच्यापेक्षा उंच आहे, दुसरी डावखुरी. हुगू आमच्याकडे आहे, मोजे तिचे आणा, आणि सकाळी पोट फार भरून येऊ नका.